बोटाच्या ठशापासून न्यायापर्यंत : फॉरेन्सिक सायन्सचे शिक्षण आणि आपली मुले

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचे गाव आहे. पुसेगाव म्हटले की अनेकांना साताऱ्याचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. हे ते नव्हे. हे आपल्या मराठवाड्यातले, सोयाबीन, तूर आणि हळदीच्या शिवारातले गाव. मागच्या उन्हाळ्यात एका निकाहच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. दुपारचे जेवण झाले, पुरुष मंडळी ओसरीवर टेकली, आणि घरातील मोठ्या मुलीचा विषय निघाला. मुलगी नुकतीच बारावी सायन्स पास झाली होती. गुण चांगले होते, पण नीटचा आकडा एमबीबीएसपर्यंत पोहोचणारा नव्हता.

"मग आता बीएस्सी की डीएड?" एका पाहुण्याने विचारले.

मुलगी दाराआडून म्हणाली, "चाचा, मला फॉरेन्सिक सायन्स करायचंय."

ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकजण हसून म्हणाला, "म्हणजे टीव्हीवरच्या सीआयडीसारखं?" दादी आतून म्हणाल्या, "मुडद्यांचं काम आहे का गं बेटा ते?" आणि अब्बा, जे आतापर्यंत गप्प होते, त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "तुम्ही लिहिता-वाचता. तुम्हीच सांगा. हे शिक्षण खरंच असतं का? आणि मुलीनं ते करून पुढं काय?"

त्या दिवशी आम्ही जमेल तसे उत्तर दिले. मात्र हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून नीट माहिती घेऊन आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत.

फॉरेन्सिक म्हणजे काय?

फॉरेन्सिक सायन्सला शासकीय मराठीत न्यायसहायक विज्ञान म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. हे न्यायाला साहाय्य करणारे विज्ञान आहे. ते पोलिसाला मदत करण्यासाठी नाही, वकिलाला मदत करण्यासाठी नाही, फिर्यादीसाठी नाही आणि आरोपीसाठीही नाही. न्यायाधीशासमोर खरे काय ते यावे, एवढ्यासाठी आहे.

दादींच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शवविच्छेदन करणे हे फॉरेन्सिक सायन्सच्या पदवीधराचे काम नाही. ते डॉक्टर करतात. एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करणाऱ्यांचे ते क्षेत्र आहे. फॉरेन्सिक सायन्सचा विद्यार्थी प्रयोगशाळेत बसून काम करतो. त्याच्यासमोर बाटलीतला द्रव असतो, कपड्यावरचा डाग असतो, चेकवरची सही असते, मोबाईल असतो, काडतुसाची पुंगळी असते. हे काय आहे, कशाचे आहे, कोणाशी जुळते आणि कोणाशी जुळत नाही, हे तो शोधतो.

या शास्त्राचा पाया एका साध्या गोष्टीवर उभा आहे. फ्रान्समधील लिओं शहरात एडमंड लोकार्ड यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांचे म्हणणे असे होते की दोन वस्तू एकमेकांना लागल्या की प्रत्येकीचे काहीतरी दुसरीवर राहते. हळदीच्या ढिगाजवळून गेलेल्या माणसाच्या कुडत्यावर पिवळा कण राहतो आणि त्याच्या चपलेची माती हळदीच्या खळ्यावर राहते. माणूस नाही म्हणू शकतो. मातीला ते जमत नाही.

आपल्या घरांत ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकला आहे. आरोप झाला, साक्षीदार कोणी नव्हता, एका बाजूला सत्ताधारी घर आणि दुसऱ्या बाजूला परका तरुण. निवाडा कशावरून झाला? कुडता पुढून फाटला की मागून, यावरून. तो मागून फाटलेला होता. एका कापडाने निर्दोषाची बाजू सांगितली. फॉरेन्सिक शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी हा कुडता कायम लक्षात ठेवावा.

शंख, चक्र आणि खान बहादूर अझीझुल हक

आपल्याकडे लहान मुलांच्या बोटांवर शंख किती आणि चक्रे किती, हे मोजण्याची सवय आहे. याच मोजणीतून जगातील पहिला ठसे विभाग भारतात उभा राहिला, आणि त्यामागे एका मुस्लिम तरुणाचे गणित होते. हे आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगते.

१८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला होता. ठसे घेणे सोपे होते. पुढे अडचण आली ती शोधण्याची. हजारो कागद जमले, तर त्यांतून एक ठसा कसा काढायचा? बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांना यासाठी गणित येणारा माणूस हवा होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकलेले, खुलना जिल्ह्यातील काझी अझीझुल हक त्यांना मिळाले.

हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, मग ८, ४, २ आणि शेवटच्या जोडीला १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण अंशात आणि दुसऱ्याचे छेदात मांडायचे, व दोन्हीकडे १ मिळवायचा. अशा रीतीने वर ३२ आणि खाली ३२ शक्यता, म्हणजे एकूण १,०२४ कप्पे. ठसा हातात आला की बेरीज करायची आणि थेट त्या कप्प्याकडे जायचे. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या पद्धतीत मोलाची भर घातली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला. १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली. जगभर ती हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. हक यांना १९२४ मध्ये खान बहादूर किताब मिळाला आणि १९३५ मध्ये बिहारमधील मोतिहारी येथे त्यांचे निधन झाले.

या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळातला एक खटला विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जलपायगुडी भागातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतील पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा ठसा होता. तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, पण खुनासाठी दिली नाही. कारण ठशाने एवढेच सिद्ध केले होते की या माणसाचा हात त्या पेटीपर्यंत गेला. खून त्यानेच केला, हे ठसा सांगत नव्हता. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच ऐकायचे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, हा या शिक्षणाचा पहिला धडा आहे.

निर्दोष सुटतो तोही न्यायच

डीएनए तपासणीचीही सुरुवात अशीच आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. त्याच परिसरात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने पोलिसांसमोर एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनए तपासला तेव्हा दोन्ही खून एकाच माणसाचे ठरले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. पुढे खरा गुन्हेगार सापडला व १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. गुन्हेगार पकडण्याआधी या शास्त्राने एका निर्दोषाला घरी पाठवले होते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. त्यांत सर्व धर्मांचे, रोज पोटासाठी प्रवास करणारे लोक होते. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. तोपर्यंत १९ वर्षे गेली होती, आणि एकाचा २०२१ मध्ये कोरोनाने तुरुंगातच मृत्यू झाला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

राजकारण बाजूला ठेवून हा निकाल विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावा. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब आणि ओळखपरेड विश्वासार्ह मानली नाही. जप्त केलेल्या वस्तूंबाबत न्यायालयाने जे म्हटले ते थेट आपल्या विषयाचे आहे. जप्तीपासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्या वस्तू कोणाच्या ताब्यात होत्या आणि त्यांचे सील शाबूत होते, हे सिद्ध झाले नाही.

म्हणजे प्रयोगशाळेतील यंत्र कितीही महाग असो, पाकिटावरची लाखेची मोहोर आणि नोंदवहीतली तारीख नीट नसेल, तर सगळे फुकट. यात नुकसान कोणाचे झाले? ज्यांची १९ वर्षे गेली त्यांचे. आणि ज्यांचे आप्त गाडीत गेले, त्यांचेही. हे कोणी केले, याचे उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही. काम नीट न केलेल्या तपासात दोन्ही बाजूंची घरे उद्ध्वस्त होतात. आपल्या मुलांनी या क्षेत्रात जावे असे आम्हाला वाटते ते यासाठी. कोणाची बाजू घेण्यासाठी नव्हे, तर पाकिटावरची मोहोर नीट लावण्यासाठी.

गावाचा आणि प्रयोगशाळेचा संबंध

पुसेगावच्या ओसरीवर एकाने म्हटले, "आपल्या गावात कुठं एवढे गुन्हे होतात?" संबंध गुन्ह्यापुरता नाही. शेतात फवारणी करताना कोणी दगावले, विहिरीवर कोणी मेलेले सापडले, तर व्हिसेरा राखून ठेवला जातो आणि प्रयोगशाळेकडे जातो. पोलीस ठाण्यात ज्याला "सीए रिपोर्ट" म्हणतात, तो हाच रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी गोपीनाथ मुंडे योजना आहे. विषबाधेच्या प्रकरणांत तेथेही हा अहवाल लागतो. अहवाल येईपर्यंत त्या विधवेचे हेलपाटे चालूच राहतात. प्रयोगशाळेत एक माणूस वाढला तर अशा किती घरांचा कागद लवकर हलेल, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. गावात पोलीस आले की दोन पंच लागतात, आणि आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी न वाचता सही केलेली असते. पंचाची सही म्हणजे "हे माझ्या डोळ्यांसमोर झाले" असे न्यायालयाला दिलेले वचन आहे. वाचावे, वस्तू पाहावी, सील झालेले पाहावे, मगच सही करावी. यासाठी पदवी लागत नाही.

कायदा बदलला, गरज वाढली

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, त्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. महाराष्ट्रात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनही आल्या आहेत. गाडी आली, यंत्र आले, तरी काम माणसालाच करावे लागते. म्हणून येत्या काळात प्रशिक्षित मुलामुलींची गरज वाढणार आहे.

कुठे शिकता येते?

मराठवाड्यातील मुलांसाठी सर्वांत जवळची शासकीय संस्था औरंगाबादला (छत्रपती संभाजीनगर) आहे : शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था. अशाच शासकीय संस्था नागपूर आणि मुंबई येथेही आहेत. बारावी सायन्सनंतर येथे बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स करता येते. त्यात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र तर असतेच. शिवाय ठसे, हस्ताक्षर, विषशास्त्र, रक्त व डीएनए, शस्त्रे, सायबर, मानसशास्त्र आणि कायदा हे विषय येतात.

राष्ट्रीय पातळीवर गुजरातमधील गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. त्याची केंद्रे दिल्ली, गोवा आणि इतर ठिकाणीही आहेत. तेथे प्रवेशासाठी वेगळी परीक्षा असते. तिची तारीख बारावीच्या वर्षातच पाहून ठेवावी. निकालानंतर जागे झालो तर वर्ष वाया जाते.

घर सोडणे शक्य नसेल, तर जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन साधी बीएस्सी करावी आणि नंतर फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी किंवा पदव्युत्तर पदविका करावी. हा मार्ग कमी दर्जाचा नाही. उलट रसायनशास्त्र पक्के असलेल्या मुलाला जास्त दारे उघडी असतात, कारण प्रयोगशाळांतील बऱ्याच पदांना तोच विषय मागितला जातो.

खासगी महाविद्यालयांचे फलक आता शहराशहरांत दिसतात. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे का? प्रयोगशाळा खरोखर आहे का, की फक्त छापील पुस्तिकेत आहे? आणि मागच्या तुकडीतील मुले आज काय करत आहेत? घरबसल्या तीन महिन्यांत "क्राइम इन्व्हेस्टिगेटर" बनवण्याचे वचन देणाऱ्या प्रमाणपत्रांवर सरकारी नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

नोकरी कुठे?

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. नागपूर, पुणे, औरंगाबाद, नाशिक, अमरावती, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, आणि आपल्या हिंगोलीकरांच्या हाकेवर असलेल्या नांदेडलाही एक आहे. सहायक रासायनिक विश्लेषक, वैज्ञानिक सहायक, प्रयोगशाळा सहायक अशी पदे येथे भरली जातात. काही लोकसेवा आयोगामार्फत, काही थेट. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर यांचे काम पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा पुणे आणि हैदराबाद येथे आहेत.

ज्याला प्रयोगशाळेपेक्षा तपासातच रस आहे, त्याने पोलीस उपनिरीक्षक पदाची परीक्षा द्यावी. तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि फॉरेन्सिक शिकलेला फौजदार घटनास्थळी काय उचलायचे व कशाला हात लावायचा नाही, हे जाणतो. खासगी क्षेत्रात बँका, विमा कंपन्या आणि सायबर सुरक्षा कंपन्यांत काम मिळते. पीएचडीकडे जायचे असेल किंवा प्राध्यापक व्हायचे असेल, तर यूजीसी नेटमध्येही हा विषय आहे.

मात्र एक गोष्ट लपवणार नाही. सरकारी जाहिराती दरवर्षी येत नाहीत. पदवी हातात पडताच नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. दोन-तीन वर्षे तयारीची तयारी असावी, आणि त्या काळात एमएस्सी पूर्ण करावी.

खर्च आणि मुलींचा प्रश्न

शासकीय संस्थेत शुल्काचा भार खासगीपेक्षा कमी असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी आणि ओबीसी यादीतील बिरादऱ्यांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत शैक्षणिक कर्ज मिळते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि जातीचा असल्यास जातवैधता, हे कागद अकरावीतच काढून ठेवावेत. बहुतेक अर्ज गुणांअभावी नाही, कागदाअभावी अडकतात.

मुलींबद्दल अब्बांची काळजी रास्त होती. "एवढ्या लांब एकटी कशी राहील?" हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो आणि विचारायलाच हवा. पण उत्तर शोधण्यासाठी विचारावा, दार बंद करण्यासाठी नाही. वसतिगृह जाऊन पाहा, अम्मींना सोबत न्या, तेथे आधीपासून शिकणाऱ्या मुलींशी बोला. आणि हेही लक्षात घ्या की प्रयोगशाळेचे काम ठरलेल्या वेळेचे, टेबलावरचे आणि शांत काम आहे. अत्याचाराच्या प्रकरणांत पीडित मुलीचे कपडे, तिचे नमुने एखाद्या स्त्रीने हाताळावेत, यात त्या मुलीचीही अब्रू जपली जाते.

दादींचा अंगठा

त्या दुपारी निघण्यापूर्वी एक छोटी गोष्ट घडली. दादी सांगत होत्या की रेशन दुकानातील मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. तीन-तीन वेळा पुसून लावावा लागतो. "म्हाताऱ्या माणसाला मशीनही ओळखत नाही," त्या म्हणाल्या.

नात आतून शाईचे पॅड घेऊन आली. तिने दादींचा अंगठा कोऱ्या कागदावर टेकवला, मग अब्बांच्या मोबाईलचा कॅमेरा मोठा करून दाखवला. "बघा दादी, रेषा घासल्यात. आयुष्यभर निंदणी केली, कापूस वेचला, भांडी घासली, म्हणून. दुसऱ्या बोटाची नोंद करून घ्या, ते चांगलं आहे."

दादींनी कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे माझं काम हिच्यात दिसतंय?"

"दिसतंय ना."

अब्बा काही बोलले नाहीत. पण आम्ही जोडे घालत असताना ते फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "औरंगाबादच्या त्या संस्थेचं पूर्ण नाव तेवढं लिहून द्या."

आम्ही लिहून दिले. ज्यांच्या घरात अशीच एखादी मुलगी किंवा मुलगा दाराआडून काही सांगू पाहत असेल, त्यांनी या पानावरून ते उतरवून घ्यावे.